सिन्नर शटडाऊन : स्फोटरोधक केबिन भाड्याने घेण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नाशिक-पुणे महामार्गालगत सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतील आमच्या कारखान्याचा मोठा शटडाऊन २० मार्चपासून घेण्याचे आजच्या बैठकीत निश्चित झाले. होळीला उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे फिटर व वेल्डर गावी जातात आणि नाशिकची माणसे रंगपंचमीपर्यंत सलग कामावर येत नाहीत, म्हणून रंगपंचमी उलटल्यावरची तारीख धरली आहे. सॉल्व्हंट रिकव्हरीच्या, म्हणजे वापरलेले द्रावक परत मिळवण्याच्या, दोन विभागांपैकी एक पूर्ण बंद करून त्याचे डिस्टिलेशन कॉलम (ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे) उघडायचे, आतील ट्रे बदलायचे आणि हेक्झेन या पटकन पेटणाऱ्या द्रावकाची जुनी पाइपलाइन काढून नवी बसवायची, असे कामाचे स्वरूप आहे. दुसरा विभाग मात्र या संपूर्ण काळात चालूच राहणार आहे. म्हणजे कंत्राटदारांची सुमारे दीडशे माणसे बंद विभागात काम करतील आणि शेजारी, भिंतीपलीकडे नव्हे तर उघड्या मोकळ्या जागेपलीकडे, गरम हेक्झेन दाबाखाली फिरत असेल.

आजवरच्या शटडाऊनमध्ये पोर्टा केबिन या दोन विभागांच्या मधल्या पट्ट्यातच उभ्या राहत आल्या आहेत. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, तेथेच मिळते, नकाशे तेथेच पसरता येतात, चहाही तेथेच येतो आणि माणूस कामापासून दूर जात नाही. तात्पुरत्या इमारतींची जबाबदारी या वेळी माझ्याकडे आहे. त्या पट्ट्यात पत्र्याची आणि प्लायवूडची केबिन पुन्हा ठेवायची नाही, एवढे मी बैठकीतच सांगितले. पर्याय म्हणून स्फोटरोधक, म्हणजे स्फोटाचा धक्का सहन करणाऱ्या, केबिन भाड्याने घेता येतील का, याचा अभ्यास करून महिनाअखेर प्रस्ताव द्यावा, असे ठरले.

९ जानेवारी, गुरुवार

प्रस्तावाच्या आधी पार्श्वभूमी लिहून ठेवत आहे, कारण खर्चाचा प्रश्न येणारच आणि तेव्हा उत्तर तयार असायला हवे.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी या तेल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक विभाग शटडाऊननंतर पुन्हा सुरू केला जात होता. कॉलममध्ये द्रव प्रमाणाबाहेर भरला गेला, तो एका उंच चिमणीवाटे कारंज्यासारखा बाहेर पडला, त्याचा वायुमेघ जमिनीवर पसरला आणि पेटला. १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली. मेलेली सर्व माणसे कंत्राटदारांची होती आणि ती शेजारच्या दुसऱ्याच विभागाच्या शटडाऊनसाठी आणून ठेवलेल्या लाकडी ट्रेलर-कार्यालयांमध्ये किंवा त्यांच्या आसपास होती. सर्वांत जवळचा ट्रेलर त्या चिमणीपासून सुमारे ३७ मीटरवर होता. जो विभाग सुरू होत होता, त्याच्याशी त्या माणसांचा काही संबंध नव्हता आणि तो सुरू होत आहे हेही त्यांना कोणी कळवलेले नव्हते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीनंतर २००७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने हलवता येणाऱ्या इमारतींच्या जागेविषयी ७५३ क्रमांकाची शिफारस-पुस्तिका काढली. स्फोटरोधक केबिन भाड्याने देण्याचा व्यवसाय जगभर वाढला तो प्रामुख्याने त्यानंतर.

आपल्याकडेही उदाहरणे दूर नाहीत. १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणमच्या रिफायनरीत एलपीजीच्या गळतीनंतर झालेल्या स्फोटात इमारतींमध्ये असलेली माणसे दगावली. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या तेल डेपोत पेट्रोलचा वायुमेघ पेटला तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ चा डोंबिवली एमआयडीसीतील स्फोट तर आमच्या अनेक कामगारांच्या नातेवाइकांनी स्वतः ऐकलेला आहे. हेक्झेनच्या बाबतीत मला सर्वांत जवळचे वाटते ते १ जून १९७४ चे इंग्लंडमधील फ्लिक्सबरो. तेथे सायक्लोहेक्झेन उकळबिंदूच्या वर, दाबाखाली होते. तात्पुरती जोडलेली नळी फुटली आणि २८ जण मेले. त्यांपैकी १८ जण नियंत्रण कक्षात होते. तो दिवस शनिवार होता, म्हणून कार्यालये जवळजवळ रिकामी होती.

या सर्व घटनांत उघड्यावर उभ्या असलेल्या माणसापेक्षा कमकुवत इमारतीत बसलेला माणूस अधिक धोक्यात असल्याचे दिसते. हवेच्या ज्या दाबाने उभा माणूस फारतर खाली पडेल, त्या दाबाने पत्र्याची भिंत आणि छप्पर आतल्या माणसावर येते.

१७ जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या सल्लागारांनी वायुमेघाच्या स्फोटाचा अभ्यास करून नकाशा दिला. चालू विभागातील गरम हेक्झेनची गळती, तेथील पाइप आणि लोखंडी सांगाड्यांची दाटी आणि वाऱ्याची दिशा धरून हे गणित केलेले आहे. दाटी महत्त्वाची असते, कारण मोकळ्या मैदानात वायुमेघ पेटला तर तो बहुतांशी नुसताच जळतो. तोच मेघ नळ्या आणि खांबांच्या गर्दीत पेटला की ज्योतीचा वेग वाढत जातो आणि दाबाची लाट तयार होते.

जुन्या केबिनच्या जागी ही लाट सुमारे ४ पीएसआयची (दर चौरस इंचावर ४ पौंड दाबाची) येते. साधी पोर्टा केबिन १ पीएसआयच्या आसपासच मोडकळीला येते. गोदामामागच्या पट्ट्यात लाट २.५ पीएसआयपर्यंत उतरते आणि मुख्य फाटकाजवळ, वाहनतळाच्या मैदानात, ती अर्ध्या पीएसआयच्या खाली जाते.

हा नकाशा समोर ठेवून मी केबिनपेक्षा आधी माणसांची यादी केली. दीडशेपैकी विभागाच्या जवळ ज्यांना बसावेच लागते असे कोण, हा प्रश्न प्रत्येक कंत्राटदाराला स्वतंत्रपणे विचारला. परमिट देणारे, वायू तपासणारे, पाळीचे पर्यवेक्षक आणि आमचे क्षेत्र-ऑपरेटर मिळून वीस-बावीस जण निघाले. हिशेब लिहिणारे, खरेदीचे लोक, नकाशे तपासणारे अभियंते, भांडारपाल आणि जेवणाच्या सुट्टीतील सर्व कामगार यांना तेथे बसण्याचे काही कारण नाही. ते सर्व वाहनतळाच्या मैदानात जातील. तेथे हलक्या कापडाचा मांडव आणि साध्या केबिन पुरेशा आहेत. स्फोटरोधक केबिन फक्त उरलेल्या वीस-बावीस जणांसाठी घ्यायची आणि तीही गोदामामागच्या पट्ट्यात.

हा क्रम मी प्रस्तावात मुद्दाम ठळक केला आहे : अंतर आधी, माणसांची संख्या त्यानंतर आणि पोलाद सर्वांत शेवटी. बळकट केबिन मिळाली म्हणून ती धोक्याच्या अधिक जवळ नेऊन ठेवायची, हा मोह या व्यवसायात सर्वत्र आहे आणि तो टाळला पाहिजे.

२४ जानेवारी, शुक्रवार

भाड्याने देणाऱ्यांकडून आलेली माहितीपत्रके वाचली. जवळजवळ सर्वांवर ‘८ पीएसआय’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे. नुसत्या या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही. यामागची तीन कारणे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या खरेदी विभागालाही ती समजणे आवश्यक आहे.

पहिले कारण म्हणजे लाट भिंतीवर आपटली की दाब वाढतो. मोकळ्यावर ४ पीएसआयची असलेली लाट समोरच्या सपाट भिंतीवर आपटून परततांना त्या भिंतीला जवळजवळ ९ पीएसआय जाणवतात. म्हणून पुरवठादाराचे ८ पीएसआय मोकळ्यावरच्या लाटेचे आहेत की आपटलेल्या लाटेचे, हे विचारावेच लागते. आपटलेल्या लाटेचे असतील तर ती केबिन आमच्या जुन्या जागेवर अपुरी ठरली असती. गोदामामागे मात्र २.५ पीएसआयची लाट भिंतीवर सुमारे ५.४ होते आणि तेथे ती पुरते.

दुसरे कारण कालावधीचे आहे. वायुमेघाच्या स्फोटाची लाट शंभर-दोनशे मिलिसेकंद ढकलत राहू शकते, तर स्फोटके ठेवून केलेल्या चाचणीतली लाट त्याहून कितीतरी कमी काळ टिकते. ८ पीएसआय आणि २०० मिलिसेकंद या त्रिकोणी, म्हणजे दाब एकसारखा उतरत जाणाऱ्या, लाटेचा एकूण धक्का ८०० पीएसआय-मिलिसेकंद होतो. तेच ८ पीएसआय ३० मिलिसेकंदांत ओसरले तर धक्का १२० एवढाच, म्हणजे सहावा हिस्साही नाही. एका पुरवठादाराने चाचणीची चित्रफीत पाठवली, पण लाट किती काळ टिकली याचा कागद पाठवला नाही. तो कागद मागवला आहे.

तिसरे कारण म्हणजे स्फोटानंतर केबिनची काय अवस्था होणे त्यांनी गृहीत धरले आहे. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने पेट्रोकेमिकल इमारतींसाठी हानीच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. कमी पातळीत किरकोळ, स्थानिक हानी होते. मध्यम पातळीत इमारत वापरण्यापूर्वी मोठी दुरुस्ती लागते. तीव्र पातळीत काही भागांची ताकद संपलेली असते आणि इमारत पुढे कोसळूही शकते. एकच केबिन तीव्र हानी गृहीत धरून ८ पीएसआयची आणि कमी हानी गृहीत धरून त्याहून बऱ्याच कमी दाबाची असू शकते. आम्ही कमी किंवा फारतर मध्यम पातळीचाच आकडा स्वीकारणार आहोत.

एक हिशेब सर्वांना दाखवण्यासाठी केला. चाळीस फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच भिंतीवर ८ पीएसआय म्हणजे जवळपास २०० टनांचा भार एका क्षणात येतो. हा आकडा ऐकल्यावर साध्या केबिनच्या भाड्याशी तुलना करणारा प्रश्न बैठकीत पुन्हा आला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

दक्षिण गुजरातमधील एका यार्डात जाऊन केबिन प्रत्यक्ष पाहिल्या. बाहेरून त्या मालवाहू कंटेनरसारख्या दिसतात, पण रिकामा चाळीस फुटी कंटेनर चार टनांच्या आत असतो आणि ही तेवढ्याच लांबीची केबिन पंधरा टनांच्या घरात आहे. जाड नालीदार पोलादी पत्रा, जवळजवळ बसवलेले चौकोनी नळीचे खांब आणि सर्व सांधे अखंड वेल्डिंगचे. भिंत थोडी आत वाकून ऊर्जा शोषून घेईल, पण फाटणार नाही, अशी ही रचना असते. खिडक्या नाहीत. दरवाजे दोन, विरुद्ध टोकांना, बाहेर उघडणारे, चौकटीवर सर्व बाजूंनी टेकणारे आणि आतून छातीने दांडा दाबला की उघडणारे.

भाड्याच्या वस्तूला इतिहास असतो आणि तोच मला पाहायचा होता. दाखवलेल्या केबिनपैकी एकीच्या लांब भिंतीत आधीच्या भाडेकरूने एसीसाठी जास्तीचे भोक कापलेले होते. ते नंतर साध्या पत्र्याने झाकून रंगवलेले होते आणि त्या बदलाचे कोणतेही गणित उपलब्ध नव्हते. ती केबिन मी नाकारली. दुसरी एक समुद्रकाठच्या कामावरून आलेली होती आणि तिच्या तळाच्या तुळईला गंज लागून पापुद्रे सुटत होते. तीही नको म्हटले. उरलेल्यांपैकी दोन निवडल्या, त्यांचे अनुक्रमांक लिहून घेतले आणि याच अनुक्रमांकांच्या केबिन येतील, तत्सम चालणार नाहीत, असे यार्डाच्या व्यवस्थापकांकडून लेखी घेतले. त्यांनी आढेवेढे न घेता दिले. माल पारखणारे गिऱ्हाईक त्यांनाही नको असते असे नाही.

रुंदीचा निर्णयही तेथेच झाला. बारा फूट रुंदीची केबिन बसायला ऐसपैस असते, पण रस्त्यावर तो जादा रुंदीचा माल ठरतो आणि स्वतंत्र परवानगी लागते. आठ फूट रुंदी, म्हणजे २.४४ मीटर, नियमातील २.६ मीटरच्या आत बसते. वीस-बावीस माणसांना आठ फुटी दोन केबिन पुरतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाडेकरार झाला. भाडे साध्या पोर्टा केबिनच्या कित्येक पट आहे, आणि वाहतूक, क्रेन, उभारणी व परत पाठवणी हे सर्व वेगळे. करारात मी आग्रहाने घालून घेतलेल्या बाबी अशा : भाडे केबिन यार्डातून निघाल्यावर नव्हे तर आमच्या जागेवर संयुक्त तपासणी झाल्यावर सुरू होईल, प्रत्येक अनुक्रमांकासाठी अभियंत्याच्या सहीचे गणित सोबत येईल, ज्यात दाब, कालावधी आणि हानीची पातळी एकत्र लिहिलेली असेल, भिंतीत भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे दोन्ही पक्षांना मनाई राहील, आणि लहानमोठी कोणतीही लाट येऊन गेल्यास पुरवठादाराच्या अभियंत्याने तपासून लेखी दिल्याशिवाय कोणीही आत बसणार नाही.

शेवटच्या अटीबद्दल पुरवठादाराने विचारले की तोवर भाडे कोण देणार. ते देण्याचे आमच्या व्यवस्थापनाने मान्य केले. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण पैशांचा वाद उघडा राहिला असता तर अशा वेळी घाईने माणसे आत बसवली गेली असती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गोदामामागची जमीन तयार केली. वरचा थर काळ्या मातीचा होता. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि अवकाळी पाऊस आला तर फुगते. पंधरा टनांची केबिन तिच्यावर ठेवली तर एक कोपरा खचतो, चौकट पिळते आणि दरवाजा अडकतो. स्फोटरोधक केबिनमध्ये अडकलेला दरवाजा हा सर्वांत मोठा दोष आहे. म्हणून काळी माती काढून मुरूम भरला, पाणी मारून रोलर फिरवला आणि वर पीसीसी (साधे काँक्रीट) घातले.

केबिन जमिनीला घट्ट बांधायची नाही, असे गणितात धरलेले आहे. मोठी लाट आली तर ती थोडी सरकेल. त्यासाठी चारही बाजूंना मोकळी जागा ठेवली आहे आणि वीज, पाणी व टेलिफोन यांच्या सर्व जोडण्या सैल वळसा देऊन, लवचिक ठेवल्या आहेत. अर्थिंग दोन ठिकाणी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केबिन आल्या. दक्षिण गुजरातहून जवळचा मार्ग पेठवरून आहे, पण त्या घाटांतील वळणे लांब ट्रेलरला अवघड जातात. म्हणून भिवंडी आणि कसारा घाटावरून लांबचा फेरा घेतला आणि घोटीहून सरळ सिन्नरच्या रस्त्याने नाशिक शहर टाळले. परवा महाशिवरात्र आहे, त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या भाविकांची गर्दी सुरू होण्याआधी वाहतूक उरकावी, असा आग्रह मी धरला होता.

उतरवण्यासाठी कारखान्यातील नेहमीची हायड्रा, म्हणजे छोटी चाकांवरची क्रेन, वापरू द्यावी, अशी कंत्राटदाराची सूचना होती. पंधरा टनांच्या वजनाला आणि लागणाऱ्या पोहोचेला ती पुरत नाही. मोठी टेलिस्कोपिक क्रेन आधीच मागवून ठेवली होती. चारही कोपऱ्यांच्या कड्यांतून स्लिंग घालून दोन्ही केबिन व्यवस्थित बसल्या. दरवाजे बोटाने ढकलल्यावर उघडतात.

४ मार्च, मंगळवार

आज राष्ट्रीय सुरक्षा दिन. केबिनच्या हवेच्या व्यवस्थेवर दिवसभर काम केले.

स्फोट सहन करणारी भिंत वायू अडवत नाही. एसीच्या वाटे हेक्झेनची वाफ आत आली आणि आतच पेटली तर त्या बळकट भिंतींचा काही उपयोग नाही. म्हणून आत थोडा जास्त दाब राखला आहे, २५ पास्कलच्या वर, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाईल. हवा ओढण्याचे तोंड विभागाच्या विरुद्ध बाजूला आणि उंचावर घेतले आहे. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते आणि ती जमिनीलगत सरपटते. तोंडाशी वायुशोधक बसवला आहे. वायूचे प्रमाण पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेले की इशारा होतो आणि २० टक्क्यांवर झडप आपोआप बंद होते.

येथे एक बाब लक्षात आली आणि भाड्याने उपकरणे घेणाऱ्या प्रत्येकाने ती तपासावी, असे मला मनापासून वाटते. शोधक मिथेनवर जुळवून आलेले होते. या प्रकारचे शोधक हेक्झेनला मिथेनपेक्षा कमी प्रतिसाद देतात, म्हणजे पडद्यावर २० दिसत असताना प्रत्यक्ष प्रमाण बरेच जास्त असू शकते. हेक्झेनची पेट घेण्याची किमान मर्यादाच मुळात हवेत सव्वा टक्क्याच्या आत आहे, तर मिथेनची ५ टक्के. उपकरणात दोष नव्हता. ज्या कामासाठी ते आधी वापरले गेले तेथे ते बरोबरच होते. हेक्झेनच्या वायूवर ते पुन्हा जुळवून, तपासून, चिकटपट्टीवर तारीख लिहून लावले.

७ मार्च, शुक्रवार

आतली मांडणी पाहिली. पर्यवेक्षकांनी नेहमीप्रमाणे कपाटे भिंतीला लावली होती, कपाटांवर हेल्मेटांचे ढीग, कोपऱ्यात उंच स्टँडवर वीस लिटरचा पाण्याचा जार. लाट आली की भिंत आत वाकते आणि तिला टेकलेली प्रत्येक वस्तू माणसावर फेकली जाते. टेबले भिंतीपासून दूर घेतली, कपाटे जमिनीला आवळली, जार खाली ठेवला, छताचे दिवे तारेने बांधले, भिंतीवरचा फळा काढून टाकला. भिंतीला पाठ टेकून बसायचे नाही, हे सर्वांना समजावून सांगितले.

कारखान्याच्या आपत्कालीन आराखड्यात दोन्ही केबिन नकाशावर दाखवल्या आणि सुधारित प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला पाठवण्यासाठी दिली.

१२ मार्च, बुधवार

सराव घेतला. गळतीचा भोंगा वाजताच बाहेर काम करणारे काही जण धावत केबिनकडे आले, कारण ती मजबूत आहे हे त्यांना माहीत झाले आहे. हे अपेक्षितच होते, पण ते चालणार नाही. दरवाजा उघडझाप होत राहिला तर आतला दाब टिकत नाही आणि वाफ आत येते. नियम असा केला की आत असलेल्यांनी दरवाजा बंद ठेवून नियंत्रण कक्षाच्या सूचनेची वाट पाहायची, बाहेर असलेल्यांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने जमा होण्याच्या ठिकाणी जायचे. आग केबिनजवळ आली तर आतल्यांनीही लांबच्या दाराने निघायचे, कारण ही केबिन काही क्षणांच्या धक्क्यासाठी आहे, तासभराच्या आगीसाठी नाही. दुसऱ्या फेरीत सर्व नीट झाले.

२० मार्च, गुरुवार

शटडाऊन सुरू. पहिल्याच दिवशी जेवणाच्या अंतराचा विषय निघाला. फिटर मंडळींचे मुकादम, ज्यांना सर्व जण आप्पा म्हणतात, दुपारी माझ्याकडे आले.

“साहेब, पोरं जेवायला फाटकापर्यंत जातात, येण्याजाण्यात वेळ मोडतो. पूर्वी आम्ही इथंच सावलीला बसायचो.”

मी त्यांना नकाशा दाखवला आणि जुन्या जागेवरचा आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला.

“मग ती मजबूत खोली आमच्या पोरांना का नाही?”

हा प्रश्न योग्य होता आणि मी त्याचे उत्तर नीट दिले. “आप्पा, तुमची मुलं जिथं जेवतात तिथं खोली मजबूत असण्याची गरजच पडत नाही. त्या खोलीत बसणाऱ्यांपेक्षा ती जास्त सुरक्षित आहेत.”

ते थोडा वेळ नकाशाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “असं असेल तर सुट्टी पंधरा मिनिटं वाढवून द्या.” व्यवस्थापकांशी बोलून संध्याकाळपर्यंत ती वाढवून घेतली. सुरक्षेसाठी कामगाराला लांब पाठवायचे तर त्या चालण्याचा वेळ कारखान्याने दिला पाहिजे. तो त्याच्या भाकरीच्या वेळातून कापणे अन्यायाचे आहे.

२३ मार्च, रविवार

टेक्सास सिटीला आज वीस वर्षे झाली. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, ती घटना मराठीत आणि हिंदीत सांगितली. मेलेले सर्व जण कंत्राटी होते आणि त्यांना शेजारी काय सुरू आहे हे माहीत नव्हते, हे ऐकल्यावर एका वेल्डरने विचारले, “मग आपल्याला कळवणार का?” चालू विभागात कोणताही मोठा बदल होणार असेल तर तो फाटकाजवळच्या फलकावर रोज सकाळी लिहिला जाईल, असे तेथेच ठरवले आणि उद्यापासून अमलात येईल.

३१ मार्च, सोमवार

काम वेळेत चालले आहे. काल पाडव्याची सुट्टी होती. एका केबिनमध्ये मंजूर संख्येपेक्षा जास्त माणसे बसलेली आढळली, बहुतेक उन्हामुळे आणि एसीमुळे. दारावर टोकनांचा फलक लावला आहे. टोकन नसेल तर आत बसता येणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

विभाग पुन्हा सुरू करण्याचा दिवस. धोका सर्वांत जास्त असतो तो याच वेळी, कारण नवे सांधे पहिल्यांदाच गरम होतात, पातळी दाखवणारी उपकरणे पहिल्यांदाच तपासली जातात आणि माणसे थकलेली असतात.

हेक्झेन आत घेण्यापूर्वी सर्व परमिट बंद केले, कंत्राटदारांची माणसे फाटकाबाहेर मोजून घेतली आणि दोन्ही केबिन रिकाम्या करून कुलूप लावले. उत्पादन विभागाने दोन अभियंत्यांना केबिनमध्ये बसू देण्याची विनंती केली होती, म्हणजे गळती दिसली तर ते लगेच पोहोचतील. केबिन एवढा धक्का सहन करते, मग हरकत काय, असा त्यांचा मुद्दा होता. मी नकार दिला. केबिन धक्का सहन करते हे तेथे माणूस बसवण्याचे कारण होऊ शकत नाही. तेथे बसण्याचे काम असेल तरच तो विचार करायचा. गळती दिसण्यासाठी शोधक आणि कॅमेरे आहेत आणि ते नियंत्रण कक्षातून पाहता येतात. व्यवस्थापकांनी हाच निर्णय कायम ठेवला. रात्री साडेनऊपर्यंत कॉलम स्थिर झाला.

११ एप्रिल, शुक्रवार

केबिन परत पाठवण्यापूर्वी पुरवठादाराच्या प्रतिनिधीबरोबर संयुक्त तपासणी झाली. भिंती, सांधे, दरवाज्यांची टेकण, तळाची तुळई आणि झडपा पाहिल्या. एका दाराच्या रबरी पट्टीला चीर गेली आहे, तिचा खर्च आमच्याकडे. नवे भोक किंवा वेल्डिंग नाही. हेक्झेनवर जुळवलेल्या शोधकांवर तशी स्पष्ट चिकटपट्टी कायम ठेवली आहे आणि पुढच्या भाडेकरूला ती दिसेल अशी नोंद परतीच्या कागदावर करून घेतली.

पुढच्या शटडाऊनसाठी प्रस्ताव दिला आहे. परमिट कार्यालय कायमचे फाटकाजवळ न्यावे आणि परमिटची देवाणघेवाण टॅबलेटवर करावी. तसे झाले तर विभागाजवळ बसण्याची गरज नऊ-दहा जणांनाच उरते आणि स्फोटरोधक केबिन एकच लागते. वाचणाऱ्या भाड्यातून फाटकाजवळच्या मांडवाच्या जागी पंखे आणि पाणी असलेली पक्की जेवणशेड बांधावी, असे मी त्यात लिहिले आहे. लेखा विभागाने अंदाज मागवला असून तो सोमवारी देत आहे.